काजळीचं पाणी

दिवेलागण झाली की बसा. मेहकरात असाल, चिखलीत असाल, शेगावात असाल किंवा पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर असाल, तरी चालेल. समोर काचेचे चार ग्लास घ्या. एक निरांजन, एक जुना स्टीलचा चमचा, एक ताटली, खलबत्ता, बाभळीचा डिंक, थोडं मीठ, तुरटीचा खडा आणि मूठभर काळी माती, मग ती कुंडीतली का असेना. डिंक मात्र सकाळीच वाटीत भिजत घाला, त्याला घाई चालत नाही. मोबाइल जवळ असू द्या, पण फक्त टॉर्चसाठी.

आज पाहायचं ते एवढंच: पाण्यातला काळा कण सुटा असताना उजेडाशी कसा वागतो, आणि गुठळीत असताना कसा.

निरांजन लावा. वात जरा मोठी करा, म्हणजे ज्योत धुरकट होईल. चमच्याची पाठ ज्योतीच्या टोकावर धरा. सुरुवातीला चमचा फक्त मळल्यासारखा दिसतो. मग डाग वाढतो, कडा पसरतात आणि पाच-सात मिनिटांत पाठीवर मखमल चढते. तिला बोट लावायचा मोह होईल, लावू नका. आमच्या आजीच्या हातचं काजळ याच मखमलीतून व्हायचं. रात्री ताटाखाली दिवा ठेवायची आणि सकाळी तुपाच्या बोटानं ताट पुसून डबीत भरायची. तूपच का, पाणी का नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. पण उत्तर तिच्या बोटाला ठाऊक होतं.

ते उत्तर आता डोळ्यांनी पाहा. चमचा थोडा निवू द्या आणि पहिल्या ग्लासातल्या पाण्यात हळूच बुडवा. काळा चमचा पाण्यात शिरताच चांदीचा होतो.

बाहेर काढा. पुन्हा काळा. बुडवा. पुन्हा चांदी. पाच-सहा वेळा करा, इथे घाई करू नका. चमच्यावरची काजळी तीच आहे. पण पाणी तिला भिजवूच शकलेलं नाही. काजळीच्या खाचाखोचांत हवेचा पातळ पापुद्रा अडकून राहिला, आणि पाण्यातून तिरका आलेला उजेड त्या पापुद्र्यावरून जसाच्या तसा परत फिरतो. उजेड काजळीपर्यंत पोचतच नाही. कार्बनला पाणी आवडत नाही, हे वाक्य पुस्तकात शंभर वेळा वाचण्यापेक्षा हा चमचा एकदा बुडवलेला बरा.

आता ताटली ज्योतीवर धरा आणि दहा-पंधरा मिनिटं काजळी जमू द्या. तोवर बसल्या जागी थोडं दूर जाऊन येऊ.

काजळी म्हणजे बहुतांशी कार्बनचे गोलसर कण, एकमेकांना चिकटून माळा झालेले. पण तोच कार्बन वेगळ्या परिस्थितीत वेगळा आकार घेतो. १९९१ मध्ये जपानमधल्या सुकुबा इथं सुमिओ इजिमा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनच्या नळ्या पाहिल्या, एकात एक बसलेल्या. दोन वर्षांनी एकेरी भिंतीच्या नळ्याही मिळाल्या. षटकोनी जाळीचा एकच थर घ्यायचा आणि सुरळीच्या वडीसारखा गुंडाळायचा, पण एकच वेढा, कडेला कड बरोबर जुळलेली. जाडी साधारण एक नॅनोमीटर. डोक्याच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा. लांबी मात्र जाडीच्या शेकडो, हजारो पट.

आपल्याकडे या नळ्यांचा माग थेट देवघरापर्यंत पोचतो. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शॅरॉन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापरापासून अशा नळ्या बनवल्या. २००५ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या सब्यसाची सरकार यांच्या गटानं मोहरीच्या तेलाच्या दिव्याच्या काजळीतून नळ्या वेगळ्या केल्या आणि नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेनं त्या पाण्यात विरघळणाऱ्या केल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणून आरतीच्या कापराचा धूर नॅनोतंत्रज्ञान आहे, असं कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका. प्रयोगशाळेत भट्टी असते, उत्प्रेरक असतो, हवा बाहेर ठेवलेली असते. तुमच्या ताटलीवर आहे ती साधी काजळी. आजच्या कामाला तीच पुरे.

डोळे मिटा. अशी एक नळी मनात आणा, पाण्यात एकटी. तिच्यावर उजेड पडतोय. नळी सगळाच उजेड गिळत नाही, ठरावीक रंगाचाच घेते. कोणता, ते जाळी किती तिरकी गुंडाळली यावर ठरतं, आणि तो तिरकसपणा दोन आकड्यांत सांगतात. सहा-पाच नावाची नळी पिवळट हिरवा उजेड उचलते, त्यामुळे फक्त सहा-पाचच्या नळ्या असलेलं पाणी चक्क जांभळं दिसतं. काळ्या कार्बनचं जांभळं पाणी! आणि घेतलेल्या उजेडातला थोडासा ही नळी परत देते, सुमारे ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपली नजर सातशे-साडेसातशेच्या आसपास थकते. म्हणजे नळी चमकते, पण आपल्यासाठी अंधारात. ती चमक टिपायला वेगळा कॅमेरा लागतो.

आता दुसरी नळी आणा. शेजारी. समांतर.

या क्षणावर थोडं रेंगाळा, कारण सगळं इथंच घडतं. दोन नळ्या जवळ आल्या की एकमेकींना अंगभर चिकटतात. पाण्याचे रेणू सतत धडका देत असतात. खोलीच्या तापमानाला अशा धडकेत जेवढी ऊर्जा असते, तिच्या सुमारे वीसपट ऊर्जा दोन नळ्यांना दर नॅनोमीटरला धरून ठेवते. आणि नळी एक नॅनोमीटर लांब नसते, हजार असते. म्हणजे सुटण्याची आशा नाहीच. तिसरी येते, सातवी येते, विसावी येते. सरपणाची मोळी बांधावी तशी मोळी होते, फक्त दोरी नसते.

मोळीतल्या एका नळीवर उजेड पडला. तिनं तो घेतला, पण परत देण्याआधीच तो शेजारणीकडे सरकला, तिच्याकडून पुढे, जिची ऊर्जेची पायरी सर्वांत खाली तिच्याकडे. आणि सहसा मोळीत एखादी धातूसारखी वागणारी नळी असतेच. दोन आकड्यांच्या फरकाला तीननं भाग गेला की नळी धातूच्या वळणाची, आणि सरमिसळ मालात साधारण तिनातली एक तशी निघते. तिच्यापर्यंत उजेड पोचला की त्याची ऊब होऊन जाते. बाहेर काही येत नाही. चमक विझली. जांभळेपण, हिरवेपण, ज्याचं त्याचं शोषण हेही मंदावतं: आलेखावरची टोकं रुंद होतात, लालसर बाजूला सरकतात आणि एकमेकांत मिसळतात. बुलढाण्याच्या घाटावरून पावसाळ्यात अजिंठ्याची रांग पाहिली असेल तर चटकन लक्षात येईल. उघडीप असते तेव्हा प्रत्येक डोंगराचं टोक वेगळं मोजता येतं. धुकं उतरलं की एक सलग करडी कड उरते. डोंगर गेलेले नसतात.

नऊ वर्षं, १९९३ पासून २००२ पर्यंत, या एकेरी नळ्यांवर जगभर काम चाललं होतं आणि त्यांची ही चमक कुणाला दिसली नव्हती. कारण पाहणारे मोळ्याच पाहत होते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली आणि ब्रूस वाइझमन यांच्या गटानं नळ्या साबणाच्या जातीच्या एका रसायनात घातल्या, श्राव्यातीत ध्वनीनं जोरात हादरवल्या आणि प्रचंड वेगानं फिरवून जड मोळ्या तळाला बसवल्या. वर राहिलेल्या पाण्यात सुट्या नळ्या होत्या, प्रत्येकीभोवती साबणाच्या रेणूंचा अंगरखा. त्या पाण्यातून पहिल्यांदा तो लालापलीकडचा अदृश्य उजेड आला. मला या गोष्टीत शोधापेक्षा त्याआधीची नऊ वर्षं जास्त विचार करायला लावतात. पदार्थ हातात होता, यंत्रं होती, माणसं हुशार होती. फक्त नळ्यांमध्ये फट नव्हती.

डोळे उघडा. ताटलीवर काजळी जमली असेल.

ती जुन्या पोस्टकार्डाच्या कडेनं खरवडून दोन भाग करा. एक भाग दुसऱ्या ग्लासातल्या पाण्यावर सोडा. तरंगेल. चमच्यानं ढवळा, काळे ठिपके, तुकडे, काठाला चिकटलेली रेघ, मधलं पाणी बरंचसं स्वच्छ. दुसरा भाग खलबत्त्यात घ्या, त्यावर भिजलेल्या डिंकाचे चार थेंब टाका आणि घोटा. नुसतं फिरवायचं नाही, घोटायचं. आधी कोरडी किरकिर ऐकू येते. मग बत्ता जड होतो. थोड्या वेळानं किरकिर थांबते आणि लोण्यासारखा गुळगुळीत काळा लगदा तयार होतो. पोथ्या लिहिणाऱ्यांची शाई अशीच व्हायची, काजळी आणि डिंक, आणि घोटण्याचं काम घरातल्या पोरांकडे. तास तास चालायचं ते. हात दुखले की पोरं नक्की पुटपुटत असणार.

या लगद्यातला गव्हाच्या दाण्याएवढा भाग तिसऱ्या ग्लासात टाका आणि हलवा. धूर उतरावा तसा तो पाण्यात उतरतो आणि सगळा ग्लास रंगतो. दोन्ही ग्लासांमागे टॉर्च धरून पाहा. दुसऱ्यात पांढरा उजेड सरळ येतो, मधे मधे काळे डाग. कार्बन आहे, पण गुठळीच्या आतल्या कणांवर बाहेरच्यांची सावली पडते, त्यांच्या वाट्याला उजेडच येत नाही. म्हणून तेवढ्याच काजळीचं पाणी फिकं. तिसऱ्यात उजेड गडद आणि तपकिरी होऊन येतो, काळ्या चहासारखा. बारीक सुटे कण निळा भाग जास्त खातात, तांबूस भाग थोडा सोडतात. फारच गडद झालं असेल तर अर्धं ओतून पाणी घाला, मग तपकिरी दिसेल. काळ्याचा खरा रंग पाहायचा तर तो इतका विखुरला पाहिजे.

डिंकानं काय केलं? त्याचे लांब रेणू कणाला एका बाजूनं बिलगले आणि दुसऱ्या बाजूनं पाण्यात पसरले. दोन कण जवळ आले की त्यांच्या झालरी आधी भिडतात. २००२ मध्येच, राइसची चमक प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या गटानं कार्बनच्या नळ्या पाण्यात सुट्या ठेवायला काय वापरलं? बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा डिंक. त्या कामात राजदीप बंद्योपाध्याय होते, पुढे ते मुंबईच्या आयआयटीत आले. पोथीकाराचा खलबत्ता आणि नॅनो, दोन्ही एकाच डिंकावर उभे. मला हे वाचून उगाच आनंद झाला होता.

आता माती. काळ्या मातीचा चमचाभर गोळा पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात हलवा, मिनिटभर थांबा, जाड कण खाली बसू द्या, आणि वरचं गढूळ पाणी पहिल्या आणि चौथ्या ग्लासात सारखं ओता. (पहिल्यातला चमचा काढून ठेवा आणि पाणी ओतून टाका, त्यांचं काम झालं.) चौथ्यात चमचाभर मीठ घाला, एकदा ढवळा आणि सोडून द्या.

इथे काहीच करायचं नाही. फक्त पाहायचं.

पाच मिनिटं दोन्ही सारखे दिसतील. मग चौथ्या ग्लासातलं पाणी रवाळ वाटू लागेल, फाटायला लागलेल्या दुधासारखं. टॉर्च लावला तर ढगात बारीक पुंजके दिसतील, आणि वरच्या काठाशी पाण्याचा एक स्वच्छ पट्टा. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्या भारानंच ते एकमेकांना लांब ठेवतात. मीठ तो भार झाकून टाकतं. दूर ढकलण्याचा पल्ला इतका आखूड होतो की धडकेत कण पुरेसे जवळ येतात, आणि जवळ आले की चिकटतात. आम्लानं भारित केलेल्या किंवा साबण नेसवलेल्या नळ्यांचंही मीठ वाढलं की हेच होतं. डिंकाची झालर मात्र मिठाला इतक्यात दाद देत नाही. तिसऱ्या ग्लासात चिमूटभर टाकून बघा.

१८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या बारीक कणांचं माणकासारखं लाल पाणी केलं होतं. त्यात मीठ पडलं की ते निळसर व्हायचं. सोनं तेच, फक्त कणांमधलं अंतर कमी झालेलं.

पहिल्या ग्लासात तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवा. मिठाच्या कणात एक भाराचा सोडियम, तुरटीत तीन भारांचं ॲल्युमिनियम, आणि कणांना एकत्र आणण्याची ताकद एकास तीन अशी वाढत नाही, शेकडो पटींनी वाढते. म्हणून आषाढात नदीचं पाणी भरलं की घागरीत तुरटी फिरवायची ती जेमतेम. तुरटी नव्हती तिथे निवळीच्या बिया घागरीच्या आत घासायचे. निवळी हे झाडाचं नाव, आणि निवळणं हे पाण्याचं. आजी दटावायची, ‘हलवू नको बाप्पा, निवयू दे पाणी.’

बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट ग्लासाबाहेर, एकरांच्या मापात दिसते. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी खारट, जमिनीत सोडियम. पाऊस पडून वरचं मीठ धुतलं गेलं की सोडियम मातीच्या कणाला धरून राहतो आणि कण इतके सुटे होतात की मातीतली भोकंच बुजतात. पाणी मुरत नाही. वर साचतं, खाली झाड तहानलेलं. उन्हानं पुढे त्याच चिखलाचा दगड होतो. तिथे जिप्सम टाकायला सांगतात, कारण जिप्सममधला दोन भारांचा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि कण पुन्हा पुंजक्यात येतात. शेतकऱ्याला हवी असते ती गुठळी. राइसमधल्या माणसांना नको होती तीच.

हे लक्षात ठेवा, कारण एव्हाना मनात एक वाक्य तयार झालं असेल. माणसाचंही असंच, गर्दीत स्वतःचा उजेड विझतो, असं काहीतरी. माझ्याही मनात ते दर वेळी येतं. येऊ द्या, पण वहीत उतरवू नका. नळीला गर्दीचं दुःख नाही, मातीला एकटेपणाचं सुख नाही. उपमा सुचली की आपण पाहायचं थांबवतो, आणि ग्लासात अजून बरंच चाललेलं असतं.

त्यापेक्षा मन लोणारला न्या. काठावर उभे राहा. समोर बेसॉल्टमध्ये आकाशातल्या दगडानं पाडलेला, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद खड्डा, तळाशी खारं, क्षारधर्मी पाणी. इकडे कड्यावर धारेचं गोडं पाणी, वर्षभर वाहणारं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आणि कथेत लवणासुर: मिठाचंच नाव घेतलेला राक्षस. धारेच्या पाण्यात काळी माती हलवली तर गढूळपणा रेंगाळेल, तळ्याच्या पाण्यात लवकर बसेल, असा माझा हिशेब आहे. पण बाटली घेऊन तळ्यात उतरू नका, ते अभयारण्य आहे, आणि घरचं मीठ तेच सांगतं.

२०२० च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं. फोटो देशभर फिरले, नाना तर्क निघाले. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव होते ते, अंगात गुलाबी रंगद्रव्य. पाऊस कमी, ऊन जास्त, पाणी आटलेलं, मीठ वाढलेलं, म्हणून ते माजले. पण मला त्यातला एक छोटा तपशील कायम आठवतो. नमुना काही वेळ न हलवता ठेवला, तेव्हा जीव तळाला बसले आणि वरचं पाणी पारदर्शक झालं. म्हणजे पाणी गुलाबी नव्हतंच. त्यात विखुरलेलं काहीतरी गुलाबी होतं, आणि विखुरलेलं होतं तोवरच अख्खं तळं गुलाबी दिसलं.

परत या. रात्र झाली. निरांजन शांत करा. ग्लास हलवू नका, झाका आणि झोपा.

सकाळी उजेड आला की ओळीनं पाहा. पहिल्याच्या नि चौथ्याच्या तळाशी मातीचा मऊ थर, वर एवढं निवळ पाणी की पलीकडची खिडकी दिसते. दुसऱ्यात काजळीचे तुकडे अजून काठाला धरून. तिसरा रात्री होता तसाच, वरपासून खालपर्यंत सारखा काळा.

खलबत्त्यात उरलेला लगदा दोन थेंब पाण्यात सैल करा. बोरू नसेल तर आइस्क्रीमची काडी तिरकी कापा. कागदावर एकच अक्षर काढा, ल काढा, लोणारचा. ओलं असताना ते चमकतं, कडा जरा तपकिरी असतात. फुंकर न मारता वाट बघा. पाणी कागदात शिरतं, थोडं हवेत जातं आणि रात्रभर लांब राहिलेले कण जवळ येत जातात. मध्ये डिंक असतो, आता तोही कोरडा. चमक जाते, तपकिरी जातं, ल काळा होतो. बोट फिरवून पाहा. येत नाही.